चुकीच्या फुलावर झालेला उपचार

आईला नेले त्या सकाळी तिच्या तिरडीवर गुलछडीच्या माळा होत्या, आणि मी विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीमागे ओणवी होऊन उलट्या करत होते.

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. पुस्तकांत ज्याला निशिगंध म्हणतात त्याला आमच्याकडे गुलछडी म्हणतात, आणि तीन पिढ्या आमचे घर तिच्यावर जगले. आईने आयुष्यभर दिवस उगवण्याआधी ती खुडली, ओल्या फडक्यात बांधली आणि गणेशवाडीच्या फुलबाजारात धाडली. शेवटच्या वेळी तिला त्याच फुलांनी झाकावे, यापेक्षा उचित काही नव्हते. फक्त तिच्या एकुलत्या एका मुलीला त्या तिरडीच्या दहा पावलांच्या आत जाता येत नव्हते.

मोटारीच्या खोलीच्या पलीकडून चुलतीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "शिकलेल्या पोरींना मेलेल्या आईचाबी वास येतो गं बाई. आम्ही आपले अडाणी. आम्हाला नाय येत."

आईच्या तोंडात पाणी घालायला मला हाक मारली, तेव्हा मी ओढणी नाकावर तिहेरी गुंडाळून गेले. माझे वडील, ज्यांना मी नाना म्हणते, त्या ओढणीकडे पाहत राहिले. मी श्वास कोंडून दोन चमचे पाणी घातले आणि मागे सरले. आईचा चेहरा मी नीट पाहिला नाही, कारण पाहायचे तर थांबावे लागते, आणि थांबायचे तर श्वास घ्यावा लागतो.

त्या दोन चमच्यांसाठी मी एका माणसाला कधीही क्षमा करणार नाही. तो आमच्या नात्यातला नाही. तो नाशिकमधला मनाचा डॉक्टर आहे. त्याच्या पाटीवरच्या पदव्या तीन ओळींत मावत नाहीत. सारे शहर त्याला अहोजाहो करते. मी करणार नाही. एकवचनाची ही एक लहानशी शिक्षा भाषेने माझ्या हाती दिली आहे, ती मी पुरेपूर वापरणार आहे.

त्याच्याकडे मला नेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, मराठी घेऊन एम.ए. करत होते आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीवर माझे प्रेम होते. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. ती गिरणीवरून थेट वर्गात येई तेव्हा तिच्या मनगटांना, मानेच्या खळगीला, कानामागच्या केसांना नुकत्याच दळलेल्या बाजरीचा ऊबदार वास असे. किंचित कडू, किंचित गोड, जात्याच्या दगडाइतका खरा. मी तेव्हा कविता लिहीत असे, पण त्या वासाला योग्य असा शब्द मला कधी सापडला नाही, आणि न सापडण्यातही सुख होते. मी तिला लिहिलेले एक पत्र आईच्या हाती लागले. आईने ते नानांना वाचून दाखवले. नानांनी दोन दिवस अन्न घेतले नाही; तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलेल्या पत्त्यावर मला घेऊन गेले.

डॉक्टरसमोर नाना हात जोडून उभे राहिले. त्याने त्यांना बसायलाही सांगितले नाही. नाना म्हणाले, "साहेब, एकच पोरगी हाय. काय झालंय ते बघा." डॉक्टर हसला. "काका, काळजी करू नका. बागाईतदार ना तुम्ही? वेल भलतीकडे चढला तर कापून टाकता का? नाही ना. वळवता. आपण वळवू."

नानांना ते फार पटले. त्यांनी पुढ्यात आलेल्या संमतीच्या कागदावर सही केली. मला कुणी कागद दिला नाही.

उपचाराची पद्धत साधी होती. दंडात एक इंजेक्शन, ज्याने दहा मिनिटांत पोट ढवळून येई. आणि ते ढवळू लागले की नेमक्या त्या वेळी नाकाशी, डोळ्यांशी ती गोष्ट धरायची, जी माणसाला नकोशी व्हायला हवी. पुनःपुन्हा. म्हणजे शरीर शहाणे होते, असे तो म्हणे. पहिल्या दिवशी वही उघडून त्याने विचारले, "तिची आठवण आली की सर्वांत आधी काय येतं? चेहरा? आवाज?"

खोटे बोलण्याची तयारी करून मी गेले नव्हते. "वास," मी म्हणाले.

"कसला?"

तेव्हा मला कळले की हा माणूस काय घेऊन जाणार आहे. बाजरीच्या पिठावर मी माझे सर्व अंग पसरून आडवे पडावे, तसे काहीसे माझ्या मनात झाले. काहीतरी दुसरे सांगायला हवे होते, ताबडतोब, चेहरा न बदलता. आणि लबाडी करतानाही माणसाचा हात घरातल्याच वस्तूवर पडतो.

"निशिगंधाचा," मी म्हणाले.

त्याने ते इंग्रजीत लिहून घेतले. पुढच्या वेळेपासून टेबलावर अत्तराची कुपी आणि ताज्या छड्यांची जुडी असे. कुणीतरी ती बाजारातून आणत असेल. आणि त्या दिवसांत बाजारात आमच्याच मळ्याचा माल सर्वांत चांगला मानला जाई. आईने पहाटे खुडलेली फुले दुपारी माझ्या नाकाशी धरली जात होती, असे मला आजही वाटते. नऊ वेळा मी तिथे गेले. नऊ वेळा पत्र्याच्या बादलीवर वाकले. दहाव्या वेळी त्याने मला तिचे नाव उच्चारायला लावले. मी शांतपणे उच्चारले आणि म्हणाले, "आता काही वाटत नाही." त्याने समाधानाने वही मिटली.

तो फसला होता, आणि त्या वयात मला तो माझा विजय वाटला. विजय खरा होता. आज अडतिसाव्या वर्षीही गिरणीवरून जाताना माझी पावले मंदावतात, छातीत काहीतरी उजळते. तिथवर त्याचा हात पोहोचला नाही. पण त्याच्या उपचाराला नावे ठेवता येणार नाहीत. उपचार अगदी अचूक लागू पडला. फक्त चुकीच्या फुलावर.

मळ्यात पाऊल टाकले की माझ्या पोटात पीळ पडू लागला. आईच्या पदराजवळ गेले की तोंडात खारट पाणी सुटे. तिने जवळ घेतले की मी अंग चोरून घेई, आणि तिचे हात हवेत राहत. मी काही सांगितले नाही. सांगणार कसे? निशिगंध खोटा होता हे सांगायचे, तर बाजरीचे सांगावे लागले असते.

महिनाभर मी मावशीकडे सिन्नरला जाऊन राहिले. परत आले तर दारासमोरचा गुलाब नव्हता. अर्धा एकर गुलाब, आईचा जीव की प्राण, मुळांसकट उपटलेला. आणि त्या जागी पार उंबऱ्यापर्यंत सरळ सरीत लावलेले गुलछडीचे कंद. हिरवी पाती नुकती वर आली होती. मी फाटकात उभी राहिले आणि मला सारे लख्ख समजले. डॉक्टरने यांना सांगितले आहे. मला कशाने उलटी होते ते यांना माहीत आहे. मी घरात येऊ नये म्हणून यांनी दारात कुंपण लावले आहे, फुलांचे.

मी फाटकातूनच परतले. नाशिक रोडला एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, पुढे तिथल्याच एका कॉलेजात शिकवू लागले, त्याच भागातल्या एका वसाहतीत दोन खोल्यांचे घर घेतले. मळा तिथून दोन बसच्या अंतरावर होता. सोळा वर्षांत मी तिथे मोजून पाच वेळा गेले. नाना सणाला फोन करत. "येते का?" "नाही जमणार, नाना." "बरं." तिन्ही वाक्ये आम्ही दोघे पाठ केल्यासारखी म्हणत असू. आई फोनवर येत नसे.

ती गेल्यानंतर मात्र माझ्यातला राग, जो आजवर थंड धातूसारखा एका जागी पडून होता, तो तापू लागला. त्याच सुमारास डॉक्टरचा एक लेख वर्तमानपत्रात आला. तारुण्यातील असे गोंधळ योग्य उपचाराने जातात, पालकांनी लाजू नये, वेळीच आणावे, असे त्यात होते. भाषा प्रसन्न, उदाहरणे घरगुती. म्हणजे तो थांबलेला नव्हता. मी तो लेख दोनदा वाचला आणि ठरवले की या माणसाला मी मोडणार. त्याच्याच व्यवसायाच्या नियमांत आता असल्या उपचारांना गैरवर्तन म्हटले आहे, हे मला ठाऊक होते. तक्रार करायची, तर नुकसान झाल्याचे कुणा जाणकाराचे पत्र हवे. केवळ त्या पत्रासाठी मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. बरे वाटण्यासाठी नव्हे. बरे वाटणे मला परवडणार नव्हते.

कॉलेज रोडला, दातांच्या दवाखान्याच्या वर, त्यांची खोली होती. वयाने माझ्याहून लहान, केस अगदी बारीक कापलेले, पायांत साध्या चपला. खोलीला काहीही वास नव्हता. हे मला सर्वांत आधी जाणवले. उदबत्ती नाही, फुलदाणी नाही. मी उभ्यानेच उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही मला क्षमा करायला शिकवणार आहात का?"

"नाही. का, करायचीय?"

"मला त्याला उद्ध्वस्त करायचंय."

"बरं," त्या म्हणाल्या. "बसून सांगता का? पाणी देऊ?"

मी बसले. डॉक्टर, इंजेक्शने, बादली एवढे सांगितले; पण मी सोडणार नव्हते. "तुमच्या मते माझ्यासारख्या बायका का होतात? बालपण? आई कडक असते? वडील दूर असतात?"

"का होतात ते मला माहीत नाही. माझ्यासारख्या बायका का होतात तेही माहीत नाही." त्यांनी खांदे उडवले. "मला तुमच्यातलं काही बदलायचं नाहीये, मॅडम. तुमच्या बाबतीत जे घडलं तो उपचार नव्हता, आणि ज्यावर घडलं तो आजार नव्हता. इथून सुरुवात करू या का? की अजून प्रश्न आहेत?"

प्रश्न होते. सहा आठवडे मी त्यांना सापळे लावत राहिले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत चूक शोधावी तशी मी त्यांच्या वाक्यांत दया शोधत होते. 'असू दे', 'होतं असं', 'तेही माणूसच आहेत' यांतला एक शब्द जरी आला असता, तरी मी उठून गेले असते. आला नाही. एकदा मी डॉक्टरचे काय काय करीन याचे वर्णन पाऊण तास केले. अलंकारिक होते, आता आठवले तरी थोडे लाजते. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, "सुडाला वेळ लागतो. तोवर जेवण आणि झोप नीट ठेवायला हवी. काल काय जेवलात?"

मी हसले. सोळा वर्षांत कुणी माझ्या रागाला जेवू घातले नव्हते.

गुलछडीचे मी त्यांना सांगितले ते बऱ्याच उशिरा. बाजरीचेही सांगितले. माझ्याखेरीज ते माहीत झालेल्या त्या जगातल्या पहिल्याच. त्यांनी विचारले, "तो वास परत हवाय का तुम्हाला? त्यावर हळूहळू काम करता येतं. तुम्हाला हवं असेल तरच."

"नको," मी म्हणाले. "तो पुरावा आहे."

"पुरावा पोटात ठेवायचाय, की कागदावर?"

मी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"तुमच्या पोटातला पुरावा फक्त तुम्हालाच रोज दिसतो," त्या म्हणाल्या. "त्याला नाही."

पत्र द्यायला त्या केव्हाही तयार होत्या. पण डॉक्टरने काय केले ते सिद्ध करणारे त्याच्याच अक्षरातले कागद हवेत, आणि दुसरी अडचण संमतीवरच्या नानांच्या सहीची. तो म्हणणार की घरच्यांनी आणले, घरच्यांनी मान्यता दिली. ते खरेच होते. बावीस वर्षांच्या मुलीसाठी बापाची सही कायद्याने पुरत नसली, तरी ती करणारा माणूस जोवर माझ्या बाजूने बोलत नाही, तोवर डॉक्टर त्या एका सहीमागे निवांत उभा राहणार होता. म्हणजे मला नानांकडे जावे लागणार होते. माझ्या सुडाच्या यादीत जे दुसरे होते, त्यांच्याकडे, मदत मागायला.

एका रविवारी दुपारी मी दोन मास्क एकावर एक लावून, आत कापराची वडी ठेवून गेले. दुपार निवडली, कारण त्या वेळी फूल झोपलेले असते. तरीही फाटकापासून ओसरीपर्यंत त्या सऱ्यांमधून मी तोंडानेच श्वास घेत चालले.

नाना ओसरीवर सुतळी वळत बसले होते. आई गेल्यापासून ते पाठीत वाकले होते. "मास्क काऊन? ताप हाय का?"

"नाही. नाना, माझी ती फाईल होती. डॉक्टरची. फेकली असेल ना?"

"दवाखान्याचा कागद फेकू नाय," ते म्हणाले. "कधी लागंल सांगता येत नाय." ते उठले, कपाटातून रेशनकार्डाच्या खालची एक पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आतला कागद पिवळा पडला होता, पण घडी सरळ होती. पुष्कळदा उघडून पुन्हा नीट घातलेली घडी होती ती.

मी वाचू लागले. सर्व होते. इंजेक्शनाचे नाव, मात्रा, दिवस, 'रुग्णाने उलटी केली', 'प्रतिसाद चांगला'. नवव्या भेटीखाली पालकांसाठी इंग्रजीत सूचना: रुग्णाला किमान एक वर्ष ट्यूबरोजच्या सान्निध्यात येऊ देऊ नये. म्हणजे त्याने यांना सांगितले होते. माझा सोळा वर्षांचा तर्क कागदावर उभा होता.

"हे तुम्ही वाचलं होतं, नाना?"

"वाचलं की. नववीपर्यंत इंग्रजी व्हतं मला. समदं नाय कळलं. हे कळलं." त्यांनी काळवंडलेले बोट नेमके त्या ओळीवर ठेवले. "आर, ओ, एस, ई. रोज. आपल्या रोपांच्या खोक्यावर असायचं ना. पुढचं 'ट्यूब' काय ते नाय समजलं. कुठला तरी विलायती गुलाब असंल म्हनलं. आता समद्या गुलाबांतला कोन्ता, ते कसं वळखनार? म्हनून समदाच काढला."

मी कागद मांडीवर ठेवला.

"आठ दिवसांत काढला. तुझी आई लय रडली. म्हनलं, पोरगी घरी यायची तर दारात नको ते. अन् मोकळी जागा तरी किती ठिवायची? गुलछडी लावली. तुला लहानपनापासून आवडायची."

"कुणाला विचारलं का नाही? बाजारात, शाळेतल्या मास्तरांना?"

"कुनाला दाखवू?" सुतळी पुन्हा हातात घेत ते म्हणाले. "फाईल तुझी व्हती."

समोरच्या सऱ्यांवर ऊन पडले होते. छड्यांवर कळ्या मिटलेल्या होत्या, मेणासारख्या. या माणसाने लाजेपोटी एक शब्द कुणालाही विचारला नाही, आणि मी लाजेपोटी एक शब्द कुणालाही सांगितला नाही. त्या दोन लाजांच्या मधल्या अर्ध्या एकरात माझी आई सोळा वर्षे फुले खुडत राहिली.

मायाळू मुलगी इथे गप्प बसली असती. म्हातारा आहे, एकटा आहे, कशाला. माझ्याजवळ वाक्य तयार होते, आणि ते त्यांना किती खोल जाईल याची मला पूर्ण कल्पना होती. मी दोन्ही मास्क खाली केले, कारण ते मला स्पष्ट म्हणायचे होते.

"नाना, ट्यूबरोज म्हणजे गुलाब नाही. ट्यूबरोज म्हणजे गुलछडी."

त्यांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी मळ्याकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे, मग हनुवटीखाली ओढलेल्या मास्ककडे. एकेक गोष्ट त्यांच्यात उतरताना मला दिसत होती: मी का परतले, का येत नव्हते, आईच्या तिरडीपाशी तोंडावर ओढणी का होती. आणि मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही. तो निखळ, थंड, तहान भागवणारा आनंद होता. एखाद्याला दुखवायचे आणि ते नेमके दुखावे, यातली चव मी त्या दिवशी घेतली.

पोटातून कळ आली, मी खांबाला धरून वाकले. नानांनी उठून तांब्या पुढे केला, पण जवळ आले नाहीत. त्यांचे कपडे मळ्यातले होते. अंतर ठेवून त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि मागे सरले.

मी सावरल्यावर त्यांनी विचारले, "पन बाई, ती तर गिरणीवाल्याची. तिच्या अंगाला गुलछडीचा वास कुठून आला?"

"नव्हताच. मी खोटं सांगितलं त्याला. खरं सांगायचं नव्हतं."

"मंग तू बी चुकलीच," नाना म्हणाले. "झेंडू सांगायचा."

मला हसू आले, आणि हसताना रडू आले, आणि या दोन्ही गोष्टींचा मला राग आला. मी तांब्यातले पाणी पिऊन त्यांना तक्रारीचे सांगितले. तो काय म्हणेल, सहीमुळे कसा सुटेल, तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"मंग माझं बी नाव घाल त्याच्यात," ते म्हणाले.

"साक्षीदार म्हणून?"

"साक्षीदार कसला? नेलं मीच. लिव तसं."

त्यांना वाटले असेल की मी नको म्हणेन. मी नको म्हणाले नाही. त्या संध्याकाळी मी तक्रार लिहिली, शुद्ध, विरामचिन्हांसह. तिच्या दुसऱ्या परिच्छेदात 'माझ्या वडिलांनी मला तेथे नेले' असे वाक्य आहे, आणि त्यात एकही विशेषण नाही. समुपदेशक बाईंनी ते वाचून विचारले, "हे लिहिल्यावर कसं वाटलं?" मी म्हणाले, "खरं." त्यांनी मान हलवली आणि आपले पत्र जोडून दिले.

सुनावणी मुंबईला, राज्याच्या वैद्यक परिषदेत झाली. निकाल अजून यायचा आहे आणि तो काय येईल हे मी सांगू शकत नाही. पण त्या खोलीत जे घडले ते माझे आहे.

लांब टेबलापलीकडे समितीचे अध्यक्ष आणि दोन सदस्य, कोपऱ्यात जबाब टंकणारे एक लिपिक, आणि समोरच्या खुर्चीत तो. केस पांढरे झाले होते. अंगाला मंद, महाग साबणाचा वास. त्याने नानांना पाहून हसत हात जोडले. "काका! ओळखलंत ना? तब्येत काय म्हणते?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तो फार चांगले बोलला. त्या काळी तसा नियम नव्हता. पुस्तकांत ही पद्धत होती. कुटुंब व्याकूळ होते. वडील स्वतः हात जोडून आले होते, संमतीपत्र सोबत आहे. "आणि पाहा ना, सर, मॅडम आज प्राध्यापक आहेत, स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. नुकसान झालेली व्यक्ती अशी दिसते का?" एका सदस्याच्या ओठांवर स्मित आले. मी माझ्या फाईलवर हात ठेवून बसले होते. आत चौदा मुद्दे होते, प्रत्येक वाक्य वीस वेळा घासलेले.

अध्यक्षांनी नानांना विचारले, "ही सही तुमची?"

"व्हय. माझी."

"तुम्ही स्वतःहून मुलीला घेऊन गेलात?"

"व्हय, साहेब. हात जोडून. ते खोटं नाय बोलत." नाना उभे राहिले. त्यांना कुणी उभे राहायला सांगितले नव्हते. ते अध्यक्षांशी बोलत होते, पण वळले मात्र डॉक्टरकडे. "मी अडाणी व्हतो, म्हणून विचारायला आलो. तुम्ही शिकलेले. 'काका, पोरीला काय बी झालेलं नाय, घेऊन जा घरी' एवढं म्हणले असते, तर मी तुमच्या पाया पडून घेऊन गेलो असतो घरी. तुमचं काय गेलं असतं?"

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने तोंड उघडले, आणि तीन ओळींत न मावणाऱ्या पदव्यांपैकी एकही मदतीला आली नाही. माझ्या चौदा मुद्द्यांत या वाक्याच्या जवळ जाईल असे एकही नव्हते. मी आयुष्यभर वाक्ये घडवली. हे मला घडवता आले नसते.

लिपिकाने टंकलेले अध्यक्षांनी वाचून दाखवले: "पालकांनी असे निवेदन केले की त्यांना पुरेशी माहिती देण्यात आली नव्हती."

"असं ते म्हणाले नाहीत," मी म्हणाले.

"आशय तोच आहे, मॅडम."

"आशय तोच नाही. त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या शब्दांत नोंदवून घ्यावं, ही माझी विनंती आहे. मी सांगते."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, मग नानांना पाहिले, आणि लिपिकाला खूण केली. मी उभी राहिले. वर्गात शुद्धलेखन घालते त्या आवाजात, प्रत्येक शब्दानंतर थांबत, मी सांगू लागले. "मी. अडाणी. व्हतो. स्वल्पविराम." डॉक्टर माझ्यापासून चार हातांवर बसला होता. त्याला उठून जाता येत नव्हते. "तुम्ही. शिकलेले. पूर्णविराम."

'पोरीला काय बी झालेलं नाय' इथे मी थांबले आणि त्याच्याकडे पाहत ते पुन्हा एकदा म्हणाले, लिपिकाने मागितले नसतानाही.

"'एवढं म्हणाले असते', ना मॅडम?" लिपिकाने विचारले. "की 'म्हणले'?"

"'म्हणले'," मी म्हणाले. "तसंच लिहा. आणि सावकाश लिहा. मला काही घाई नाही."